सिस्टर कोलंबांची धून: शॉमबर्ग ते डब्यूक

शनिवार, १४ ऑक्टोबर २००६. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. शिकागोच्या एका उपनगरात आयरिश संगीत जपणारी एक संस्था आहे. तिच्या हॉलमध्ये, साठ-सत्तर माणसांसमोर, मला सांगण्यात आलं की माझी आठवण चुकीची आहे. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण मी लगेच घड्याळ पाहिलं. टपाल खात्यात तेहतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा तक्रार विभागात. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ नसेल तर ती तक्रार नसते, कुरकुर असते.

झालं ते असं. माझी मुलगी मेधा शॉमबर्गला राहते. तिच्याकडे मी सहा महिन्यांसाठी गेले होते. "आई, तुझ्या नन्स आयरिश होत्या ना? तुला आवडेल," म्हणत तिने या कार्यक्रमाची तिकिटं काढली. मंचावर दोन फिडल, एक लाकडी बासरी आणि एक छोटा अकॉर्डियन. चौथी धून सुरू झाली आणि माझा डावा पाय आपोआप पुढे सरकला. पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सकाळची प्रार्थना संपल्यावर याच धुनेवर आम्ही ओळीने हॉलबाहेर पडत असू. एक दिवस नाही, सात वर्षं.

हातातल्या छापील कागदावर पाहिलं. धुनेला संस्थेच्या दिवंगत संस्थापकांच्या पत्नीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं: "रचना: आमचे संस्थापक, १९६४. तिसऱ्या भागातलं अनपेक्षित वळण ही त्यांची खास सही."

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभी राहिले. म्हटलं, ही धून मी १९५१ साली पुण्यात ऐकली आहे. आमच्या सिस्टर कोलंबा ती पियानोवर वाजवत. ती आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यातली आहे आणि शिकागोशी तिचा काडीचा संबंध नाही. (हे शेवटचं वाक्य मी फार ठासून म्हटलं. पुढे त्याचा हिशेब द्यायचा आहे.)

मंचावरचे गृहस्थ गोड हसले. "मॅडम, तुम्ही भारतात ही धून रेकॉर्डवर ऐकली असेल."

"१९६४ची रेकॉर्ड, १९५१ साली?"

लोक हसले. मला क्षणभर वाटलं, माझ्या बाजूने हसले. तेवढ्यात ते गृहस्थ म्हणाले, "वय झालं की वर्षं थोडी सरकतात," आणि दुसऱ्या कुणाच्या वर केलेल्या हाताकडे वळले. जाताजाता त्यांनी सांगितलं की पुढच्या मे महिन्यात संस्थेचं पुस्तक छापायला जाणार आहे आणि त्यात पहिलीच धून ही असेल.

मला राग माझ्यासाठी आला नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण माझ्यापेक्षा सिस्टर कोलंबांसाठी जास्त आला. नन्सच्या नावावर काही नसतं. घर नाही, पैसा नाही, आडनावसुद्धा सोडून आलेल्या. एक ट्रंक, एक जपमाळ आणि ही धून. "ही माझ्या बाबांची," असं त्या पियानोचं झाकण उघडताना म्हणायच्या. १९७१ साली त्या पुण्यातच वारल्या. त्यांच्या मालकीची एकुलती एक गोष्ट आता एका भलत्या माणसाच्या नावावर चढली होती आणि मे महिन्यात तिच्यावर छपाईचा शिक्का बसणार होता.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठल्यावर वेगळीच भीती: खरंच वर्षं सरकली असतील तर? रेकॉर्ड नाही, वही नाही, सिस्टर नाहीत. पुरावा काय, तर माझा डावा पाय.

मग मी पुण्यातल्या माझ्या भाचीला शाळेत पाठवलं, तिथून मुंबईच्या कॉन्व्हेंटला ईमेल गेली, आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सिस्टर ऑगस्टीन, ज्या माझ्या वेळी तरुण होत्या आणि दाराशी उभ्या राहून आमच्या मोज्यांवर नजर ठेवत, त्या हयात आहेत. वय चौऱ्याऐंशी. १९५७ साली त्यांना शिकागोच्या एका शाळेत पाठवलं होतं आणि आता त्या आयोवा राज्यात डब्यूक नावाच्या गावी, निवृत्त नन्सच्या घरात राहतात. उत्तराच्या शेवटी एक ओळ होती: "मागच्या महिन्यात त्या पडल्या. भेटायचं असेल तर लवकर जावं."

माझं परतीचं विमान एकोणीस नोव्हेंबरचं होतं. मेधाला रजा मिळेना. "आई, स्नो सुरू होईल, तो रस्ता डोंगराळ आहे, तू कॅन्सल कर, फोनवर बोल," असं ती रोज म्हणायची. मी फोन केला होता. तिथल्या बाई म्हणाल्या की सिस्टरना फोनवर ऐकू येत नाही.

अशा वेळी देवासारखी धावून आली शेजारची रश्मी. नागपूरची, औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी. दोन वर्षं घरात बसून कंटाळलेली. "काकू, मी ड्राइव्ह करते. तुमचं ते धुनेचं मॅटर मला बी बघायचं आहे," ती म्हणाली.

सोमवार, १३ नोव्हेंबर

सकाळी नऊला निघालो. अंतर साधारण एकशे साठ मैल, न थांबता तीन तास. रॉकफर्डपर्यंत हमरस्ता आहे आणि वाटेत टोलनाके. सुटी नाणी हाताशी ठेवा, नाहीतर मागची गाडी भोंगा वाजवत नाही पण तुमच्याकडे अशी बघते की त्यापेक्षा भोंगा बरा. पेट्रोल रॉकफर्डला भरून घ्या. मेधाने पासपोर्ट आणि त्यातला प्रवेशाचा पांढरा कागद बरोबर ठेवायला लावला. "आपल्यासारखे चेहरे बघून हल्ली कुणी कुठे थांबवेल सांगता येत नाही." मी दर पंधरा मिनिटांनी पर्स चाचपत होते.

"काकू, तो कागद पळून जाणार नाही," रश्मी म्हणाली. "टेन्शन काऊन घेता?"

"तू समोर बघ."

"समोरच बघते आहे ना जी. तुम्ही ब्रेक दाबणं बंद करा. तुमच्या बाजूला ब्रेक नाही आहे."

फ्रीपोर्टला एका लहानशा हॉटेलात थांबलो. मांस न खाणाऱ्यांनी तिथे अंडी आणि भाजलेला बटाटा मागवावा. सूप 'भाजीचं' म्हणून येतं पण शिजवलेलं असतं गोमांसाच्या पाण्यात. विचारल्याशिवाय सांगत नाहीत. आम्ही विचारलं, आणि मग डब्यातल्या तिखटमिठाच्या पुऱ्या गाडीत बसून खाल्ल्या. दोन कॉफ्या आणि एक अ‍ॅपल पाय मिळून सात डॉलर, टीपसकट.

फ्रीपोर्टच्या पुढे रस्ता दुपदरी होतो आणि जमीन लाटांसारखी वर-खाली होऊ लागते. मक्याची कापलेली शेतं, लाल कोठारं, एखादी काळी गाय. ऑक्टोबरात इथे झाडं पेटलेली असतात म्हणे. आम्हाला मिळाल्या नुसत्या काड्या आणि राखाडी आभाळ. जायचं असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा, आमच्यासारखं जाऊ नका. स्टॉकटनच्या अलीकडे बारीक गारा सुरू झाल्या, काचेवर मोहरी फोडणीला पडावी तशा. एका चढावर समोरून हरीण आडवं गेलं. रश्मीने गाडी जागच्या जागी थांबवली. हरणाने आमच्याकडे पाहिलं आणि निवांत निघून गेलं.

"बाप्पा!" रश्मी म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "काकू, सिस्टर काही सांगू नाही शकल्या तर?"

"तर परत येऊ."

"नाही म्हणजे, तुम्हाला तकलीफ होईल ना."

मी मैलाच्या पाट्या मोजत बसले.

वाटेत गलीना नावाचं देखणं गाव लागतं, सगळं लाल विटांचं, टेकडीला चिकटलेलं. शिशाच्या खाणींवर मोठं झालेलं. खाणीत राबायला आयर्लंडहून माणसं आली होती, अशी एक पाटी वाचली. पर्यटकांसाठी मेणबत्त्या आणि घरगुती मोहरीची चटणी विकणारी दुकानं भरपूर आहेत. मी पंधरा मिनिटांवर थांबू दिलं नाही. मिसिसिपीवरचा पूल ओलांडला की डब्यूक. नदी प्रचंड आहे, पण पुलावर रश्मीने वेग कमी केला नाही आणि मी डोळे मिटून घेतले होते, तेव्हा नदीबद्दल अधिक लिहीत नाही.

मोटेलची खोली एका रात्रीची पंचावन्न डॉलर, दोन पलंग, गरम पाणी बेताचं. संध्याकाळी रश्मीने मला ती धून गुणगुणायला लावली. आयरिश जिग सहा मात्रांत चालते, आपल्या दादऱ्यासारखी. बहुतेक धुनांना दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. हिला तीन आहेत. मी तिन्ही म्हणून दाखवले.

"काकू, पहिले दोन वेगळे आहेत. पण हा तिसरा मला आपल्याकडचा वाटते."

"तुला काय कळतंय? क्लेअरची धून आहे ती."

"असेल," रश्मी म्हणाली आणि टीव्ही लावला.

मंगळवार

नन्सचं घर नदीकडे तोंड करून टेकडीवर आहे, जुन्या विटांचं, आत मेणाचा आणि उकडलेल्या कोबीचा वास. पन्नास वर्षांनी तोच वास नाकात गेला आणि मी नकळत मोजे वर ओढले. दाराशी बसलेल्या बाई फार नम्र होत्या. "सिस्टरची रात्र वाईट गेली. आज भेट नाही. उद्या सकाळी दहा वाजता या. त्यांच्या सकाळी बऱ्या असतात, दुपारनंतर त्या आपल्याला ओळखत नाहीत."

"उद्या नक्की?"

"उद्या बघू," त्या म्हणाल्या.

मेधाला फोन केला तर ती म्हणाली, गुरुवारी बर्फ पडणार असा अंदाज आहे, उद्या दुपारी काही झालं तरी निघा. म्हणजे माझ्या हातात एकच सकाळ होती.

दिवस काढायचा म्हणून गाव पाहिलं. इथे टेकडीवर चढायला तारेने ओढला जाणारा एक इवलासा लाकडी डबा आहे, दोन डॉलरच्या आसपास तिकीट. वरून तीन राज्यं दिसतात. रश्मी खूश झाली, फोटो काढत सुटली. मला वरून फक्त नन्सच्या घराची धुराडी दिसली आणि आज रात्री सिस्टरना काही झालं तर, एवढाच विचार येत राहिला. हा विचार किती स्वार्थी आहे तेही कळत होतं. त्या बऱ्या व्हाव्यात असं मला वाटत होतं ते त्यांच्यासाठी की माझ्या तक्रारीसाठी?

बुधवार

दहाला पाच कमी असताना पोचलो. साडेदहाला बोलावलं.

सिस्टर ऑगस्टीन खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत होत्या, मांडीवर निळी शाल. एके काळी त्यांच्या पावलांच्या आवाजाने सबंध वऱ्हांडा गप्प व्हायचा. आता त्या माझ्या खांद्यापर्यंतही नसत्या आल्या. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, वर्षं सांगितली. त्या हसून म्हणाल्या, "तुमची मुलगी कुठल्या वर्गात आहे?"

रश्मीने मला कोपराने ढोसलं. "काकू, गाऊन दाखवा ना."

मी गायले. पहिला भाग संपला तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या. दुसऱ्या भागात त्यांची बोटं शालीवर हलू लागली. तिसरा भाग सुरू होताच त्यांनी एकदम मान वळवली आणि जुन्या आवाजात म्हणाल्या, "सावकाश! ढकलाढकली नको! एका वेळी एक ओळ!"

आणि मग त्या इतक्या हसल्या की नर्स आत डोकावली.

"सिस्टर कोलंबांची धून," मी म्हटलं.

"कोलंबाच्या बाबांची."

"क्लेअरची."

"क्लेअरची?" त्यांनी भुवया उंचावल्या. "छे गं. बाबा क्लेअरचे, धून नव्हे. ते अकरा वर्षं शिकागोत होते, कत्तलखान्याच्या आवारात मजुरी करत. सहाजण एका खोलीत राहत. त्यातल्या एकाकडून ते ही शिकले. तो माणूस कुठला, त्याने कुठून आणली, कुणाला ठाऊक नव्हतं. घरी परतले ते फुटके गुडघे आणि ही धून घेऊन. कोलंबा नेहमी सांगायची."

रश्मीने माझ्याकडे पाहिलं नाही. भर सभेत मी ठणकावून सांगितलं होतं, शिकागोशी काडीचा संबंध नाही.

मी विषय बदलला. कार्यक्रमाच्या छापील कागदावरचं वाक्य वाचून दाखवलं, तिसऱ्या भागातलं अनपेक्षित वळण, खास सही वगैरे. सिस्टर लक्ष देऊन ऐकत होत्या.

"तिसरा भाग कोलंबाचाही नाही," त्या म्हणाल्या. "दोनच भाग होते. पावसाळ्यात हॉलचं बाजूचं दार बंद ठेवावं लागे, अंगणात पाणी साचायचं. चारशे मुली आणि एक दार. धून मध्येच संपायची. पुन्हा पहिल्यापासून सुरू केली की सगळ्या मुली जागच्या जागी थांबून पुन्हा डावा पाय टाकायच्या, कारण पहिल्या सुराला डावा पाय असं आम्हीच घोकून घेतलं होतं. दारात नुसता चेंदामेंदा! मी होते ना तिथे उभी. एका वर्षी कोलंबाचा हात मोडला आणि नववीतली एक मुलगी वाजवू लागली. घरी हार्मोनियम शिकायची. तिने एके दिवशी धून संपूच दिली नाही. दुसऱ्या भागातून सरळ पुढे निघाली, काहीतरी स्वतःचंच वाजवत राहिली, शेवटची मुलगी बाहेर पडेपर्यंत. कोलंबा म्हणाली, ठेवा हे. लांब वेणी, फार हट्टी. लिमये. शरयू लिमये."

शरयू लिमये ही माझी सख्खी मोठी बहीण.

मी शाळेत दाखल झाले तेव्हा ती मॅट्रिक होऊन बाहेर पडली होती. मी ऐकली ती धून तीन भागांचीच. शरयूताईने याबद्दल घरी एक अक्षर काढलेलं मला आठवत नाही.

"तुमची बहीण?" रश्मीने मोठ्याने विचारलं. "यार काकू!"

पुढचं सिस्टरनी न विचारता सांगितलं. १९५७ साली त्या शिकागोच्या शाळेत आल्या तेव्हा तिथेही मुलं बाहेर काढायला हीच धून वाजवू लागल्या, तिन्ही भाग. शनिवारी त्याच हॉलमध्ये नाच व्हायचे, तिथे फिडल वाजवणारा एक तरुण त्यांच्याकडून ती पुन्हापुन्हा वाजवून घ्यायचा. पुढे त्यानेच संस्था काढली.

"त्याला ठाऊक होतं, ती कुठून आली?"

"मी सांगितलं होतं. पुणे कुठे आहे ते नकाशावर दाखवलं होतं." त्यांनी मांडीवरची शाल सारखी केली. "कान चांगला होता त्याचा. कानापुरतंच."

मी पिशवीतून कागद काढला. त्यांनी सांगितलं तसं एकेक वाक्य इंग्रजीत लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी एके ठिकाणी दुरुस्ती केली: मुली चारशे नव्हे, चारशे वीस. वर तारीख आणि वेळ घातली, अकरा वाजून पाच मिनिटं. सहीला फार वेळ लागला. पेन दोनदा शालीवर पडलं. मला भीती वाटत होती की आता त्यांना थकवा येईल, आता त्या विचारतील तुमची मुलगी कुठल्या वर्गात आहे. नर्सने साक्षीदार म्हणून सही केली.

मी कागदाची घडी करत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. "त्याची बायको अजून आहे. नाताळला मला कार्ड पाठवते. तिच्या नावाची आहे ना धून? ते नाव राहू दे. तिने काही चोरलेलं नाही."

हे मला पटलं नाही. तिथे मी हो म्हटलं.

निघताना मी वाकून नमस्कार केला तर सिस्टर म्हणाल्या, "मोजे छान आहेत."

परतीच्या वाटेवर बर्फाचे तुरळक तुकडे उडत होते. कागद पर्समध्ये, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर.

"काकू, ते शिकागोचं लिहायचं नाही ना मग?" रश्मीने विचारलं. "म्हणजे बाबांनी इथेच शिकली ते. ते लोक त्यालाच पकडून बसतील. बघा, आमचीच आहे म्हणतील."

"तो परिच्छेद वेगळ्या कागदावर असता तर बरं झालं असतं," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तो गाळायचा विचार माझा करून झाला."

चौदा वर्षं मी लोकांच्या तक्रारी वाचल्या. निम्म्या लोकांची मनिऑर्डर खरंच हरवलेली असायची, आणि तरी ते पत्त्यात आपण काय चूक केली तेवढं गाळायचे. त्या एका गाळलेल्या ओळीवरून आम्ही त्यांची सबंध तक्रार फेटाळत असू. मी स्वतः फेटाळल्या आहेत, समाधानाने. तेव्हा रॉकफर्डच्या टोलनाक्यावर मी ठरवलं: सगळं लिहायचं. धून शिकागोत शिकली गेली हे खरं. ती १९६४ साली रचली गेली हे खोटं. क्लेअरबद्दल मी सभेत जे बोलले ते चूक, आणि ते मी मागे घेते.

घरी

पुण्याला आल्यावर दुसऱ्याच दिवशी शरयूताईकडे गेले. ती आता बहात्तर वर्षांची आहे, कर्वेनगरात लेकाकडे राहते. मटार सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. धून गाऊन दाखवली.

"हो, मीच," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? मुली दारात तुंबायच्या."

"पण सुचलं कसं?"

"सुचतंय कसलं! बोटं नेतील तिकडे गेले. मास्तरांनी त्या आठवड्यात कसलासा भैरवीतला दादरा दिला होता, त्यातलं थोडं आलं असेल. तू अमेरिकेला जाऊन हे विचारत होतीस?"

"ताई, तिथे लोक तुझा तुकडा वाजवतात. दुसऱ्या माणसाची खास सही म्हणून."

ती मटार सोलत राहिली. नंतर म्हणाली, "वाजवेनात का." मी उठेपर्यंत तिने तो विषय काढला नाही. पण त्यानंतर आठवड्यातून दोनदा तिचा फोन येतो. आधी हवापाणी, मग माझं गुडघेदुखीचं तेल, आणि फोन ठेवताना, अगदी सहज: "त्या लोकांचं काही पत्र आलं का?"

नाही आलं. संस्थेला मी पाच डिसेंबरला रजिस्टर पत्र पाठवलं, सिस्टरच्या जबानीची प्रत जोडून. पोचपावती सही होऊन परत आली. जानेवारीत दोन ओळींची ईमेल आली: आपल्या आस्थेबद्दल आभार, आपले पत्र नोंदीत ठेवले आहे. नोंदीत ठेवणं म्हणजे काय ते मला शिकवू नये. मीही ठेवत असे.

लोक विचारतात, प्रवास कसा झाला. रस्ता चांगला आहे, माणसं सभ्य आहेत, दोघींचा सगळा खर्च मिळून दोनशे डॉलरच्या आत झाला. मला मिसिसिपी धड आठवत नाही. आठवतं ते पेन दोनदा शालीवर पडणं. आणि हेही की ज्यांच्यासाठी मी भांडायला निघाले त्या सिस्टर कोलंबांची धून त्यांचीही नव्हती, त्यांच्या बाबांचीही नव्हती. शोधत गेलं तर एका खोलीत राहणारे सहा मजूर सापडतात आणि पुढे रस्ताच नाही. याने माझा राग कमी होईल असं वाटलं होतं. तो वाढला. ज्याचा मालक सापडत नाही त्यावर पहिला हात टाकणाऱ्याने नाव घालायचं असतं का?

डब्यूकहून नाताळात कार्ड आलं, नर्सने लिहिलेलं. सिस्टर झोपून असतात. सकाळीसुद्धा.

म्हणून संस्थेला उद्देशून हे उघड पत्र मी इथे सर्वांसमोर ठेवते आहे. इंग्रजी प्रत आजच, २२ फेब्रुवारी २००७ रोजी, सकाळी अकरा वाजता पुन्हा रजिस्टरने रवाना झाली. वाचकांनी साक्षीदार राहावं.

संस्थेने करायचं एवढंच. धुनेचं नाव बदलू नये. ते सिस्टर ऑगस्टीन यांचा शब्द राखायचा म्हणून, माझ्या इच्छेविरुद्ध. "रचना" ही ओळ काढावी. तिच्या जागी छापावं: "पारंपरिक, कर्ता अज्ञात. शिकागोतील मजुरांकडून क्लेअरला, तेथून सिस्टर कोलंबा यांच्यासोबत पुण्याला, तेथून सिस्टर ऑगस्टीन यांच्यासोबत परत शिकागोला. तिसरा भाग: शरयू लिमये, इयत्ता नववी, पुणे."

हे छापणार की नाही याचं उत्तर लेखी हवं, तारीख आणि सहीसकट. फोन करू नये, आभार मानू नयेत, नोंदीत ठेवू नये. ते उत्तर शुक्रवार, ३० मार्च २००७, शिकागोच्या वेळेप्रमाणे संध्याकाळी पाचच्या आत संस्थेबाहेर पडलेलं असलं पाहिजे. टपालाचा शिक्का मी पाहीन.